चिलखत आणि ते घडविणारे हात



स्मरणिका घरी आली म्हणजे घरातील मंडळी आधी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे पाहतात, नंतर वधूवरांची माहिती वाचतात, मग देणगीदारांच्या यादीत आपले नाव बरोबर छापले आहे की नाही याची खात्री करून घेतात. आणि एवढे झाल्यावर सवड उरली तर लेखांकडे वळतात. हा क्रम आम्हांस मान्य आहे, कारण आम्हीही तोच पाळतो. तथापि यंदा संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा राजघराण्यांच्या वंशावळींच्या वाटेस न जाता, लोखंडाशी ज्यांचे पिढीजात नाते आहे अशा आपल्या लोहार ज्ञातीस जवळची वाटेल अशी एकच वस्तू निवडावी असे आम्ही ठरविले. ती वस्तू म्हणजे चिलखत.

शाळेच्या पुस्तकांतील चित्रांत, गणेशोत्सवाच्या देखाव्यांत, नाटक मंडळ्यांच्या पेट्यांत चिलखत आपण सर्वांनी पाहिले आहे. ते अंगावर घालणाऱ्यांची नावे लहान मुलांनाही पाठ असतात. पण ते घडविले कोणी, कसे, आणि किती दिवसांच्या श्रमाने, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. आमच्याही मनात तो फार उशिरा आला. त्या उशिराची किंमत काय पडली, ते लेखाच्या शेवटी सांगणारच आहोत.

शब्दांचा मागोवा

प्रथम नावापासून आरंभ करू. अंगाचे रक्षण करणाऱ्या आवरणास आपल्याकडे फार जुन्या काळापासून ‘वर्म’ आणि ‘कवच’ असे शब्द आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात युद्धसाहित्याचे एक सूक्त आहे; त्यात धनुष्य, भाता, रथ यांच्याबरोबर वर्माचाही गौरव आहे. कर्णाची कवचकुंडले तर आपल्या बोलण्यातच रुळली आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात अंगत्राणांची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘लोहजालिका’ हे एक आहे. लोखंडाची जाळी असा त्याचा सरळ अर्थ होतो. मात्र केवळ या एका शब्दावरून पुढील काळातील कड्यांचे चिलखत त्या वेळी होतेच, असे ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही. अभिमानाच्या भरात पुराव्यापुढे धावू नये, हे इतिहास लिहिणाऱ्याचे पहिले पथ्य होय.

‘चिलखत’ आणि ‘बख्तर’ हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. तसाच तिसरा शब्द म्हणजे ‘जिरे’. हे स्वयंपाकघरातील जिरे नव्हे. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे विणलेले चिलखत. त्यावरून ‘जिरेटोप’ हा शब्द झाला. आज आपण चित्रांतील विशिष्ट आकाराच्या पागोट्यास जिरेटोप म्हणतो. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहू गेल्यास तो डोक्यावरील लोखंडी टोप होय, ज्याच्या कडेने कड्यांची झालर मानेवर आणि कानांवर सोडलेली असे.

आणखी एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. घोड्याच्या वा हत्तीच्या अंगावर जे लोखंडी आवरण घालीत त्यास ‘पाखर’ म्हणत. आज पाखर घातलेला घोडा कोणी पाहिलेला नाही; पण आई मुलावर मायेची पाखर घालते, असे आपण सर्वजण म्हणतो. ज्या वस्तूचा लढाईतील उपयोग संपला, ती वस्तू भाषेने घरात आणून ठेवली. रणांगणावरचे लोखंड मायेच्या रूपाने उरले, याहून अधिक चांगले स्मारक ते कोणते?

कडीत कडी

कड्यांचे चिलखत प्रथम कोणी केले? युरोपात त्याचा मान सामान्यतः केल्ट लोकांस देतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील त्यांच्या दफनभूमीतून अशा चिलखताचे अवशेष निघाले आहेत. रोमन सैन्याने ते त्यांच्याकडून उचलले आणि शतकानुशतके वापरले. पुढे इराण, मध्य आशिया आणि तुर्कस्थान येथील कारागिरांनी त्या कलेस आपापले वळण दिले. मध्ययुगात हिंदुस्थानात जी चिलखते झाली, त्यांच्यावर या पश्चिमेकडील कारागिरीची छाप स्पष्ट दिसते.

आता ते करण्याची रीत पाहू. प्रथम नरम लोखंडाची तार काढावयाची. भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून सोनार जशी चांदीची तार ओढतात, तशीच ही तार एकाहून एक बारीक भोकांतून ओढीत. ओढता ओढता लोखंड कठीण होते, म्हणून मधून मधून तापवून ते पुन्हा नरम करावे लागे. मग ती तार एका गोल सळईवर गुंडाळून, स्प्रिंगसारखे वेटोळे करून, एका बाजूने छेद देत गेले की सुट्या कड्या मिळत. इथपर्यंतचे काम शिकाऊ मुलगाही करील. खरे काम पुढचे.

प्रत्येक कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करावयाची, एकावर एक आणावयाची, त्या चपट्या जागी बारीक छिद्र पाडावयाचे, आणि कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवून झाल्यावर त्या छिद्रात मोहरीएवढी रिवेट बसवून ती ठोकून बंद करावयाची. पुष्कळ चिलखतांत एक ओळ रिवेटीच्या कड्यांची आणि एक ओळ सांधा नसलेल्या अखंड कड्यांची, अशी रचना आढळते. त्यामुळे रिवेटींचे काम निम्मे होई. एका अंगरख्याएवढ्या चिलखतात कड्यांच्या आकाराप्रमाणे वीस ते तीस हजार कड्या सहज लागत. समजा, पंचवीस हजार कड्यांपैकी निम्म्यांनाच रिवेट आहे, आणि एका हाताने दिवसाला शंभर रिवेटी मारल्या, तरी केवळ त्या कामास सव्वाशे दिवस झाले. एवढे करून जे वस्त्र तयार होई, त्याचे वजन आठ ते चौदा किलोच्या आसपास भरे.

वस्त्र असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. कारण चिलखत हे पत्र्यासारखे ताठ नसते. ते अंगाबरोबर वळते, गोळा करून पिशवीत घालता येते, आणि आतून वारा खेळतो. तलवारीचा वार त्यावर घसरतो. पण त्याची उणीवही सांगितली पाहिजे. गदेचा वा घणाचा मार बसला तर कडी तुटत नाही, परंतु आतील हाड मोडते. यास्तव चिलखताखाली कापूस भरलेला जाड डगला घालीत. भाल्याचे वा कट्यारीचे अणकुचीदार टोक नेमके कडीत शिरले तर ती फाकण्याची भीती असे. तेथे सारा भरवसा त्या मोहरीएवढ्या रिवेटीवर. पुढे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पोलादी पट्ट्या चिलखतावर बांधण्याची पद्धत आली; तिला ‘चारआइना’, म्हणजे चार आरसे, असे सुंदर नाव होते.

कारागिरांची हौसही या कामात दिसून येते. लोखंडी कड्यांत पितळी कड्या मिसळून अंगभर चौकटींची नक्षी उठवीत. तिला गंगाजमनी म्हणत. काही चिलखतांत तर प्रत्येक कडीवर ईश्वराची नावे ठशाने उमटविलेली आढळतात. आपण सकाळी रामरक्षा वा देवीकवच म्हणतो, त्यात शब्दांचे कवच अंगावर चढवितो. या कारागिराने लोखंडाचे कवच करतानाच त्यात नामस्मरण गुंफले. धर्म निराळा असला तरी भाव एकच.

येथे एक खुलासा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना सारे श्रेय आपल्या ज्ञातीकडे ओढण्याचा मोह होतो. चिलखते करणारे आणि हत्यारांना धार व झिलई देणारे पुष्कळ कारागीर मुसलमान होते. शिकलगारांचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या गावगाड्यातील लोहार प्रामुख्याने फाळ, कुऱ्हाड, विळा, खुरपे आणि गाडीच्या धावा करी, आणि सुगीच्या वेळी बलुते घेई. शाही कारखान्यांतील काम आणि गावची ऐरण यांत अंतर होते. परंतु लोखंड ओळखणारा हात हा जातीवर अवलंबून नसतो, आणि ऐरणीवर बसणारे सर्वजण एका अर्थाने एकाच कुळीचे. त्या कुळीच्या नात्याने आम्ही लिहीत आहोत.

प्रतापगडाच्या पायथ्याशी

महाराष्ट्राच्या इतिहासात चिलखताचा उल्लेख होताच प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग उभा राहतो. दिनांक १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेल्या शामियान्यात श्री शिवाजी महाराज आणि विजापूरचा सरदार अफझलखान यांची भेट झाली. खान विजापुराहून निघाल्यावर तुळजापूर आणि पंढरपूर येथे त्याने देवस्थानांस उपद्रव दिल्याचे बखरी सांगतात. म्हणजे आपल्या बार्शी भागातील माणसांना या मोहिमेची झळ प्रतापगडाच्या कितीतरी आधी जाणवली असली पाहिजे.

भेटीचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत आहे. खानाने महाराजांना मिठीत घेऊन मान काखेत दाबली आणि हातातील जमदाड त्यांच्या कुशीत चालविली. ती अंगातील जरीच्या कुडतीवर खरखरत गेली व अंगास लागली नाही, अशा आशयाचे ते वर्णन आहे. वाचकांनी या ‘खरखरण्या’कडे लक्ष द्यावे. जरीचे कापड कितीही जड असले तरी कट्यारीखाली खरखरत नाही, फाटते. खरखरते ते लोखंडावर घासलेले लोखंड. पोशाखाच्या आत चिलखत होते, असे परंपरा एकमुखाने सांगते आणि उत्तरकालीन बखरींतून डोईवरील मंदिलाखाली लोखंडी टोप असल्याचेही वर्णन येते.

या प्रसंगात महाराजांची सावधगिरी, धैर्य, हजरजबाबीपणा यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सर्व यथार्थच आहे. जिवा महाले याचे नावही महाराष्ट्र विसरलेला नाही आणि विसरणार नाही. पण आमच्यासारख्या लोहाराच्या पोटी जन्मलेल्या माणसाच्या मनात आणखी एक विचार येतो. त्या क्षणी कट्यारीचे टोक ज्या कडीवर आले, ती कडी कोणीतरी केव्हातरी भात्यापुढे बसून केली होती. त्या दिवशी त्याचा हात थकला असेल, घरी पोर आजारी असेल, मुकादम लवकर आटपा म्हणत असेल. तरीही त्याने रिवेट पुरती ठोकली. ती अर्धी ठोकून पुढे सरकला असता तर कोणास कळले असते? त्या अज्ञात माणसाने आपले काम चोख केले, आणि पुढील सारा इतिहास त्या चोखपणावर क्षणभर उभा राहिला. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही.

कोणास चिलखत, कोणास डगला

तथापि चिलखत ही सरसकट सर्व मावळ्यांच्या अंगावरील वस्तू होती असा समज चित्रांवरून होतो, तो बरोबर नाही. सव्वाशे दिवसांच्या श्रमाची वस्तू राजे, सरदार आणि सधन शिलेदार यांनाच परवडे. सामान्य बारगिराच्या आणि पायदळाच्या वाट्यास कापूस भरलेला डगला, डोईस घट्ट बांधलेले पागोटे आणि हाती ढाल, एवढेच येई.

मराठ्यांच्या लढण्याच्या पद्धतीसही ते जुळणारे होते. आपल्या भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू प्रसिद्ध आहे. अंगाने लहान, काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारे आणि दमछाक न होता लांबचा पल्ला मारणारे हे जनावर. त्याच्या पाठीवर चिलखत घातलेला स्वार आणि वर पाखर चढविली तर त्याचा सारा गुणच नाहीसा व्हावयाचा. उलट मोगलांचे घोडे मोठे, स्वार जड, लवाजमा अवाढव्य. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात आपल्याच जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे होती. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या स्वारांनी या जड सैन्यास जे जेरीस आणले, ते हलकेपणाच्या बळावर. ज्यांच्या अंगावर लोखंड नव्हते, त्यांनी वेगालाच चिलखत केले.

विजापूरच्या आदिलशाहीची चिलखते कोठे गेली, हे पाहणेही उद्बोधक आहे. १६८६ मध्ये विजापूर मोगलांनी घेतले. थोड्याच काळात आदवानीचा किल्लाही त्यांच्या हाती पडला. मोगलांच्या बाजूने लढणारे बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांनी आदवानीची शस्त्रे आपल्या जुनागड किल्ल्यात नेली. त्या शस्त्रांवर आणि चिलखतांवर ठिपक्या-ठिपक्यांनी आदवानीचे नाव कोरलेले आहे, आणि त्यांतील काही नग आज परदेशांतील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. जिंकणाऱ्याने आपली खूण लोखंडावर ठेवली. करणाऱ्याची खूण मात्र शोधूनही सापडत नाही.

परंड्याची तोफ

चिलखताचे दिवस कसे भरले, याची साक्ष बार्शीच्या अगदी शेजारी आहे. परंड्याचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबराने निजामशाहीची गादी याच परंड्यास मांडली होती. ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणभूमीचा राजा, ही सुविख्यात तोफ काही काळ या परंड्यासच होती. मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने १५४९ मध्ये अहमदनगर येथे ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा वासलेला हिंस्र पशू आणि त्याच्या दाढेत हत्ती. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापुरास नेण्यात आली आणि आजही तेथील बुरुजावर आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या, म्हणजेच राक्षसतागडीच्या लढाईत निजामशाही तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून त्या विजयनगरच्या सैन्यावर अगदी जवळून डागल्या, असे फिरिश्ता लिहितो. अशा माऱ्यापुढे कडी काय आणि रिवेट काय! तोड्याच्या बंदुकीची गोळी चिलखतातून आरपार जाई. इतकेच नव्हे, तर तुटलेल्या कडीचे तुकडे जखमेत शिरून ती अधिक चिघळे. जी वस्तू रक्षणासाठी केली, तीच घातक ठरू लागली.

तरीही हिंदुस्थानात चिलखत एकाएकी गेले नाही. तलवार आणि भाला चालत होते तोवर ते राहिले. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीचा वजीर शाहवलीखान अंगावर पूर्ण चिलखत घालून पायउतार होऊन पळणाऱ्या आपल्या लोकांना मागे बोलावीत होता, असे काशीराज पंडिताच्या हकीकतीत आहे. मार्च १७९५ मध्ये आपल्या वायव्येस खर्ड्याजवळ निजाम आणि मराठे यांची गाठ पडली, तोपर्यंत कवायती पलटणी आणि तोफखाना यांचे युग पुरते आलेले होते. १८१८ नंतर तर चिलखत ही दरबारी शोभेची वस्तू झाली. त्या काळी शोभेसाठी केलेल्या पुष्कळ चिलखतांत रिवेट नसते. कडीची टोके नुसती जुळवून सोडलेली असतात आणि ती चिमट्याने सहज उकलतात. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना लागू लागला आणि शस्त्रे करणाऱ्यांचा उरलासुरला धंदाही बसला. चिलखते वाड्यांच्या माळ्यांवर गेली, तेथून पेट्यांत, आणि पेट्यांतून मोडीत.

बार्शीची रेल्वे आणि एक छत्री

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नाही. बार्शी लाइट रेल्वेचे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी सदैव असे. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंत सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि आता तर रुळही रुंद झाले. ही रेल्वे उभारणारे इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होत.

या कॅलथ्रॉपसाहेबांनी पुढे काय केले, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. त्या धक्क्याने कॅलथ्रॉप यांनी वैमानिकाचा जीव वाचविणारी हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला आणि ती करूनही दाखविली. तिला त्यांनी ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, असे नाव दिले. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यास ती वापरली गेली. पण ब्रिटिश सैन्याच्या सामान्य वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ती मिळाली नाही. जळत्या विमानातून उडी मारण्याचे साधन तयार असता कित्येक तरुण त्याविना मेले.

आम्हांस या हकीकतीत चिलखताचीच कथा पुन्हा दिसते. जीव वाचविणारी वस्तू कारागीर करतो; ती कोणाच्या अंगावर जावयाची, हे ठरविणारे दुसरे असतात. त्याच महायुद्धात रणगाड्यांतील शिपायांच्या चेहऱ्यांवर उडणाऱ्या लोखंडाच्या कणांपासून बचाव म्हणून मुखवटे दिले जात आणि त्यांना खाली कड्यांची झालर असे. दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती यंत्रयुगातही उपयोगी पडली. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनतज्ज्ञ बाईंनी ज्या बळकट धाग्याचा शोध लावला, त्यापासून आज केवलारची जाकिटे विणतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पोलिसांना दिलेल्या अशा जाकिटांच्या दर्जाविषयी महाराष्ट्रात किती तळमळीने चर्चा झाली, ते सर्वांच्या स्मरणात आहे. प्रश्न जुनाच होता : रिवेट पुरती ठोकली आहे ना?

आणि कड्यांचे चिलखत आजही अगदीच नामशेष झालेले नाही. मांस कापण्याच्या कारखान्यांत कामगार सुरीपासून बोटे वाचविण्यासाठी गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक कड्यांचे हातमोजे घालतात. राजाच्या अंगावरून उतरून ते मजुराच्या हातावर आले, याचा आम्हांस विषाद नाही. उलट समाधान आहे.

आमच्याकडून झालेली चूक

आता आरंभी म्हटले ते सांगतो. आमच्या लहानपणी, बार्शी तालुक्यातील आमच्या गावी आजोबांची लोहारसाळ होती. एके दिवशी एक शेतकरी गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, वाडा पाडताना हे निघालं. याचा एखादा फाळ होतोय का बघा.” आत कड्यांच्या विणकामाचा, दोन हात लांबीचा, गंजलेला तुकडा होता.

आजोबांनी तो ऐरणीवर पसरला आणि बराच वेळ बोटांनी चाचपला. मग म्हणाले, “पाटील, याचा फाळ व्हायचा नाही. एवढी बारीक तार भट्टीत जळून जाईल, हाती राख येईल. आणि मला तो करायचाही नाही. हे बघा, एकेक कडी रिवेटीनं मारली आहे. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.” आजोबांनी त्यांना नवा फाळ करून दिला आणि त्याच्या बदल्यात तो तुकडा ठेवून घेतला. भात्याच्या वर खुंटीला तो कित्येक वर्षे होता. पोळ्याला आणि दसऱ्याला हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे. कोणी विचारले तर आजोबा एवढेच म्हणत, “हा आमचा गुरू.”

आजोबा गेले. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, लोहारसाळ मोडली, आम्ही नोकरीनिमित्त शहरात आलो. जुन्या घरातील लोखंड मोडीत घालण्याचे काम आमच्याकडे आले. घण, सांडशी, भात्याचे नळे यांबरोबर तो तुकडाही तराजूत पडला. त्याचे वजन चार किलोही भरले नसेल. पैसे किती आले ते आठवत नाही, इतके ते थोडे होते. कोणी आम्हांस फसविले नाही, कोणी बळजबरी केली नाही. आम्ही शिकलेले होतो, आजोबा नव्हते. आणि त्या वस्तूची किंमत त्यांना कळली, आम्हांस कळली नाही. पुढे पुण्यास राजा केळकर संग्रहालयात काचेआड ठेवलेली जुनी अंगत्राणे पाहताना आम्हांस एकदम ती खुंटी आठवली आणि पुढील दालन पाहण्याची इच्छा राहिली नाही.

आमचे मागणे

सबब ज्ञातिबांधवांपुढे आमचे मागणे अल्प आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी माळ्यावर, कणगीमागे, जुन्या पेटीत काही ना काही लोखंड पडून असेल. चिलखतच असेल असे नव्हे. जुनी सांडशी असेल, कोणा पणजोबांच्या खुणेचा हातोडा असेल, कुलूप असेल, अडकित्ता असेल. ते मोडीत घालण्यापूर्वी एकवार उजेडात आणून पाहावे. कड्यांचे काम असेल तर प्रत्येक कडीवर रिवेटीची टिकली आहे का, ते भिंगाने पाहावे. त्यास चिंच लावू नये, पॉलिशकागदाने घासू नये. कोरड्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात फिरवावा. खुंटीस टांगू नये, कारण स्वतःच्याच वजनाने वरच्या कड्या ताणल्या जातात. सपाट पसरून कोरड्या जागी ठेवावे. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि त्या खासगी रीतीने परदेशी पाठविता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. घरी सांभाळणे शक्य नसेल तर जवळच्या संग्रहालयास द्यावे. पण देताना ती कोणत्या गावची, कोणाच्या घरची आणि कोणाच्या हातची, हे कागदावर लिहून सोबत द्यावे. वस्तू उरते आणि नाव जाते, ही चूक निदान आपल्या हातून तरी पुन्हा होऊ नये.

दुसरे मागणे तरुणांपाशी आहे. आपली मुले आज इंजिनियर होत आहेत, कारखान्यांत आणि संगणकांवर कामे करीत आहेत. ऐरण सुटली याचे दुःख करण्याचे कारण नाही. काळाबरोबर जाणे हेच शहाणपण. परंतु आपल्या हातून जे काम जाईल त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो, ही जाणीव ऐरणीबरोबर सुटता कामा नये. पुलाचा बोल्ट असो, विजेची जोडणी असो, की औषधाच्या बाटलीचे झाकण असो, त्या प्रत्येकात कोठेतरी एक मोहरीएवढी रिवेट असते. ती पुरती ठोकली की नाही, हे पाहण्यास त्या वेळी शेजारी कोणी नसते.

घरी वडीलधारी मंडळी अद्याप असतील तर त्यांच्यापाशी बसून जुन्या लोहारसाळेची, हत्यारांच्या नावांची, बलुत्याच्या हिशेबाची माहिती यंदाच लिहून घ्यावी आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी मंडळाकडे पाठवावी. आमच्या आजोबांकडून आम्ही ती लिहून घेतली नाही. तो तुकडा आता परत येणार नाही. ही माहिती मात्र अजून काही घरांत जिवंत आहे.